मामांचं पस्तान

मामांना कुठं जायचं असलं की त्यांच्या आधी त्यांचा पंचा जायचा. फार लांब नाही, शेजारच्या चाचींच्या घरी. पिवळ्या फडक्यात पंचा, मूठभर तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी आणि एक नाणं बांधून ते गाठोडं चांगला दिवस बघून चाचींच्या कोनाड्यात नेऊन ठेवायचं, याला पस्तान ठेवणं म्हणतात. मग निघायच्या दिवशी अमावास्या असो की आणखी काही, बिघडत नाही. माणूस चांगल्या दिवशीच निघालेला असतो, फक्त अजून घरात चहा पीत बसलेला असतो. जाताना गाठोडं उचलायचं आणि मागं न बघता चालू पडायचं. पूर्वी ही पद्धत पुष्कळ घरांत होती. लोकांनी ती काशी-रामेश्वरासाठी वापरली, मामांनी तासाभरावरच्या परतूरसाठी.

मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. माझे वडील लवकर गेले आणि मामांनी आम्हाला जालन्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. तेव्हापासून त्यांच्या काळजीत आम्हा दोघींची भर पडली. दहावीच्या परीक्षेआधी माझं पेन दोन दिवस चाचींकडं मुक्कामाला होतं. लग्न ठरलं तेव्हा सासर गावातच असूनही जायच्या आधी माझी एक चप्पल तिकडं गेली. एकच का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "दोनी गेल्या तं तू आजच जाशील."

त्यांची दुसरी गोष्ट म्हणजे गाडी. "एक गाडी म्हणजे गाडी न्हाई," असं ते ठामपणे म्हणायचे. लग्नाला जायला जीप ठरवली की ती बंद पडली तर असावा म्हणून कुणाचा तरी टेम्पो सांगून ठेवायचे. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथं वॉचमन यायच्या आधी हे फाटकाशी सायकल लावून उभे असायचे. वॉचमन शेवटी कंटाळला आणि म्हणाला, मामा, तुम्हीच चावी घेऊन जात जा. तर त्या चावीच्या काळजीनं मामांना आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

आणि तिसरं म्हणजे त्यांचं ते वाक्य. निघताना, वाटेत, फाटकात गाडी थांबलेली असताना, कुणी उद्याचं काही बोलायला लागलं की मामा हात वर करायचे. "पोचल्यावर बोलू." तिथं गेल्यावर कुठं उतरायचं, काय खायचं, कुणाला भेटायचं, सगळं पोचल्यावर. वाटेत बोललेलं वाटेलाच ऐकू जातं, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. आई चिडायची. "दादा, तुझ्यासंगं परवास म्हणजे मौनव्रत," म्हणायची. दादा त्यावरही बोलायचे नाहीत, कारण पोचलेलो नसायचो.

मामी अगदी उलटी. तिला कशाचीच धास्ती नव्हती. हसायला लागली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची, आणि हसायला तिला मामा पुरत असत. त्यांची एकुलती मुलगी, माझी मामेबहीण, लग्न होऊन मेलबर्नला गेली. तिनं दोघांना बोलावलं तेव्हा मामी हातातली पोळी तव्यावर टाकून बॅग भरायला उठली. मामा गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला मधी थांबवून उतरता येत न्हाई." एवढंच. मामीचं पस्तान त्यांनीच ठेवलं, मुंबईपर्यंत पोचवायला गेले आणि परत आल्यावर आमच्याकडं जेवायला लागले. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. मामा तो चपला घालून, उभ्यानं घ्यायचे. मामी तिकडून हसत विचारायची, "काहून, कुठं जाऊन राह्यले का?"

मग मामेबहिणीनं तिकडं घर घेतलं, वास्तुशांतीला सगळ्यांनी या म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे मामा हो म्हणाले. मामा, आई आणि मी, असे तिघांचे व्हिसे आले. जायला अजून महिनाभर होता. त्याच सुमारास एका सकाळी मामेबहिणीचा फोन आला. मामीला जिना चढताना धाप लागली, चक्कर आली, तपासलं तर हृदयाची झडप निकामी झालेली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. मी स्पीकर लावला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "अमावस्या कधी हाय?"

मंगळवारी होती. आणि तिकिटं मंगळवारच्या रात्रीचीच मिळत होती.

"मला तिला भेटायचं न्हाई," मामा मला नंतर एकटीला म्हणाले. "तिला आत नेतील ना, त्याच्या आधी मी तिला दिसलो पायजे. बास." ते असं म्हणाले आणि तिथून पुढं शुक्रवारपर्यंत मी घड्याळच बघत राहिले. तिकिटं माझ्या फोनमध्ये होती, इंग्रजी मला येत होतं, म्हणजे मामांना वेळेवर पोचवायचं काम माझं होतं. काळजी करण्याचा मामांचा वारसा आईला मिळाला नाही, तो सगळा माझ्याकडं आला आहे.

रात्रीच्या विमानासाठी मामांनी आम्हाला जालन्यातून सकाळीच काढलं. दारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक ठरवलेली कार, आणि मागं सळया वाहणारा एक टेम्पो, रिकामा, हमरस्त्यापर्यंत सोबत म्हणून. मी टेम्पोवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, मामांचं आम्हाला माहीत हाय." मी सवयीनं विचारलं, "मामा, पासपोर्ट?"

"पस्तानात."

"कशात?"

"पंचा एसटीला चालतो. विमानाला पंच्याचं काय काम? जायचा कागद निघाला पायजे. रविवारी तिघांचेही ठेवले." आणि ते रुबाबात चाचींच्या दाराकडं वळले. दाराला कुलूप होतं.

मी आयुष्यात बरीच कुलपं पाहिली आहेत, पण त्या कुलपासारखं कुठलं लक्षात राहिलेलं नाही. फोन लावला. चाची परतूरच्या पुढं आष्टीला होत्या, भावाच्या मुलीची सुपारी फुटायची होती म्हणून आदल्या दिवशी गेलेल्या. मी घाईघाईनं विचारलं की किल्ली कुणाकडं आहे, कोनाड्यातलं गाठोडं काढायचं आहे.

"गाठोडा तो मेरे पास है," चाची शांतपणे म्हणाल्या. "बराबर संभाल के रखी हूँ."

"चाची, उसमें हमारे पासपोर्ट हैं."

"मालूम है ना. भाईजान बोल्ले थे. इसीच वास्ते तो संग लाई. अमानत को बंद घर में छोडके कैसे जाती मैं?"

यात चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकानं पासपोर्ट जिवापाड जपायचे म्हणून शेजारी ठेवले, दुसरीनं ते जिवापाड जपायचे म्हणून गावाला नेले. मी फोनवर नकाशा उघडला. मुंबई पश्चिमेला, आष्टी उलट्या दिशेला. आई ओट्यावर बसून मामीचं नाव घेऊन रडायला लागली. मामा मात्र तिला म्हणाले, "उठ. तिकडून ती निघंल, इकडून आपण. मधी गाठ पडंल." त्यांचा आवाज साधा होता, पण पंचा हातात पिळून पिळून त्याची दोरी झाली होती.

वाटूर फाट्यावर गाठ पडली. भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून चाची आल्या, अंगावर लग्नघरातली नवी ओढणी, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं पिवळं गाठोडं. भाच्यानं ते घेऊन पुढं केलं तर चाचींनी त्याचा हात बाजूला सारला. स्वतः उतरल्या आणि मामांच्या हातात दिलं.

"लो भाईजान. तुमसे पहले येच घूम के आया."

"चाची, तुमाला लई तरास झाला."

"तकलीफ कैसी? ख़ैर से जाओ. भाबी को बोलो, चाची राह देखती बैठी है." एवढं बोलून त्यांनी ओढणीनं तोंड पुसलं. मामीचं आणि त्यांचं सारखं काहीतरी वाटीनं जायचं-यायचं, कधी साखर, कधी दालचा. कार वळली तरी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मामांनी मागं पाहिलं नाही. नियमच तो. पण आरशात बघत होते, ते मला दिसलं.

टेम्पो मात्र फाट्यापर्यंत आला होता आणि तिथून परत गेला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मामांनी सकाळी काढलं म्हणून आम्ही मुंबईत वेळेवर पोचलो, हे कबूल करायला हवं. एरवी मी त्यांच्या या लवकर निघण्याला नावं ठेवत आले. विमानतळावर आईच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची मागवली होती. ती ढकलणारा माणूस आईला घेऊन भलत्याच रांगेतून निघून गेला आणि मामा तपासणीच्या दारात अडकले. कमरेचा चांदीचा करदोटा वाजत होता. तो काढा म्हटल्यावर मामा हटून बसले. तो त्यांच्या आईनं बांधलेला, मुंजीपासूनचा. मी एका डोळ्यानं आई दिसते का बघत होते आणि दुसऱ्यानं मामांना विनवत होते. शेवटी एका वयस्क शिपायानं यंत्र फिरवून, शर्ट वर करून पाहून त्यांना सोडलं. आई पलीकडं आरामात बसली होती. तिनं त्या खुर्चीवाल्याला तोवर आमच्या मामीची सगळी हकीकत सांगून टाकली होती.

विमानात मामा डोळे मिटून बसले. खाल्लं नाही, पाणी प्यायले नाहीत, गाठोडं पोटाशी. मी विचारलं, मामा, भीती वाटते का? त्यांनी हात वर केला. पोचल्यावर बोलू.

मधल्या विमानतळावर आम्ही उशिरा उतरलो. पुढच्या विमानाचं दार बंद झालं होतं. काचेतून ते विमान दिसत होतं, उभं होतं, पण जायला वाट नव्हती. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, पुढचं विमान उद्या. मी तिला सांगितलं की शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे, त्याच्या आत पोचायलाच हवं. सांगता सांगता मी तिकिटांचा फोन तिच्यापुढं धरला. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं तोंड त्यांना वाचता येत होतं.

"दुसरी गाडी हाय का?" त्यांनी विचारलं.

"उद्या आहे, मामा. गुरुवारी संध्याकाळी उतरू."

"म्हणजे हाय," ते म्हणाले आणि जमिनीवर पंचा अंथरून बसले. त्या चकचकीत फरशीवर, फाटकापासून चार पावलांवर. मी खुर्च्यांकडं बोट दाखवलं तर मान हलवली. एवढ्या सगळ्या वेळात ते फाटक त्यांनी नजरेआड होऊ दिलं नाही. संडासलासुद्धा आईला राखण बसवून गेले. मी म्हणाले, मामा, विमान आपल्याला सोडून जाईल असं होत नाही. ते म्हणाले, "आत्ता गेलंच की." मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

मेलबर्नला आईची बॅग आली नाही. मी तक्रार नोंदवू म्हटलं तर मामा चालतच राहिले. बॅगेत आईचे मेथीचे लाडू होते, मामीची दोन लुगडी होती, पण ते चालतच राहिले. आणि शेवटच्या दारात त्यांना थांबवलं ते गाठोड्यासाठी. त्या देशात बाहेरून बी-बियाणं, धान्य काही नेता येत नाही. उतरताना भरायच्या कार्डावर मी खरं तेच लिहिलं होतं. अधिकारी बाईनं हातमोजे घालून फडकं सोडलं, तांदूळ बोटानं पसरले.

"हे बी न्हाई," मामा मला म्हणाले. "सांग तिला. बी म्हणजे साळ. तांदूळ उगवत न्हाई. जल्मभर हेच काम केलंय."

मी सांगितलं. तिनं आदबीनं ऐकून घेतलं, आणि तांदूळ, हळकुंड, सुपारी एका पिशवीत ओतून पिशवीचं तोंड बांधलं. फडकं आणि नाणं परत दिलं. मामा रिकाम्या फडक्याकडं बघत उभे राहिले. जालन्यापासून त्यांना मी इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "पोचायच्या आधी सुटलं," ते म्हणाले. "माय, पोचायच्या आधी सुटलं." मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या वेळी तसं म्हणायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. मामी पलंगावर बसलेली, गळ्यात काही नाही, हातात काही नाही, सगळं काढून ठेवलेलं. दारात मामा दिसले आणि ती हसायला लागली. धाप लागली तरी हसत होती. मग हसता हसता रडायला लागली.

"चपला घालूनच आले का इतक्या लांब?"

मामा पुढं झाले. पलंगाजवळ जाऊन उभे राहिले, तिला नीट दिसेल असे.

धाप बसल्यावर मामी म्हणाली, "ऐका. मला एक सांगायचंय. उद्याचं काही कमीजास्त झालं तं..."

मामांनी हात वर केला. "पोचल्यावर बोलू."

"आता अजून कुठं पोचायचं?"

"जालन्याला," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून ते पिवळं फडकं काढलं, पलंगावर पसरलं. मामीच्या केसांतला आकडा काढून त्यात ठेवला, नाणं ठेवलं.

"तांदूळ?" मामीनं विचारलं.

"सरकारनं घेतले."

मग त्यांनी गाठ मारली आणि इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या पलंगावर एक ग्रीक म्हातारी होती, पांढरे केस, गळ्यात क्रूस. मामांनी ते गाठोडं दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं आणि मला म्हणाले, "सांग यांना. ही घरी निघंल तवा घेऊन जाईल. तवर संभाळा." मी सांगितलं, जमेल तसं. आत काय आहे, हे तिनं विचारलं नाही. गाठोडं घेतलं, उशीखाली सारलं आणि त्यावर तळहात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामीला आत नेलं. आम्ही बाहेर बसलो. मामेबहीण येरझाऱ्या घालत होती, आई जप करत होती, मी भिंतीवरच्या एकाच चित्राकडं बघत होते, आणि मामांनी जालना सोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मला राग आला. "मामा, तुम्हाला काळजी नाही का वाटत?"

"ती निघाली," मामा म्हणाले. "पस्तान गेलंय. आता मधी थांबत न्हाई."

डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा आम्ही तिघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मामा तोंड धुऊन येतो म्हणून गेले आणि किती तरी वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते आणि पंचा ओला होता.

मामी हिंडूफिरू लागली तोवर ग्रीक म्हातारी घरी गेली होती, आणि गाठोडंही सोबत गेलं होतं. दुसऱ्याची वस्तू मागं कशी ठेवायची, असं तिनं नर्सला सांगून पत्ता ठेवला होता. परतीच्या दिवशी विमानतळाच्या उलट दिशेला तिच्या घरी जाऊन आम्ही ते घेतलं. मामा वाटभर खूश. "बराबर," म्हणत होते. "बिलकुल चाचीवानी हाय."

मामी त्यानंतर ठणठणीत राहिली. मामा गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. सकाळी, चहा घेता घेता, बसल्या जागी. पेला हातातच होता. साधं परतूरला जायचं तर दोन दिवस आधी पंचा पाठवणारा माणूस, कुणाला काही न सांगता गेला. चांगला दिवस पाहिला नाही, दुसरी गाडी ठेवली नाही. मला या गोष्टीचं दुःख झालं त्याहून जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मामीनं पेटीतून ते फडकं काढलं. त्यात मामांचा पंचा ठेवला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नाणं. गाठ मारून माझ्या हातात दिलं आणि चाचींकडं ठेवून ये म्हणाली. चाची दारातच बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता ते घेतलं आणि कोनाड्यात ठेवलं, पूर्वी ठेवायच्या त्याच जागी.

मी परत आले. मामी मामांच्या खुर्चीशेजारी बसली होती. मी विचारलं, "मामी, ते आता नेणार कोण?"

"मी जाईन तवा घेऊन जाईन," ती म्हणाली.

"आणि त्या दिवशी दवाखान्यात तुला मामांना काय सांगायचं होतं? नंतर सांगितलंस का?"

मामी जराशी हसली. मग तिनं मामांसारखा हात वर केला.

"पोचल्यावर बोलू."